पाईपमधील पाण्याचा वेग : ८.१५ हे उत्तर बरोबर आहे, पण ते कोणत्या एककातले?

मोहोळ तालुक्यातील एका डाळिंब बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या विहिरीवर साडेसात एचपीचा मोनोब्लॉक पंप आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात ताशी ३६,००० लिटर हा आकडा छापलेला आहे. विहिरीपासून बागेपर्यंत ८०० मीटर लांबीचा ७५ मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात ज्याला ‘अडीच इंची’ म्हणतात तो, पीव्हीसी पाईप गाडलेला आहे. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा बाग साधारण १५ मीटर उंचावर आहे. ‘वेग म्हणजे प्रवाह भागिले क्षेत्रफळ’ हे सूत्र मुलाच्या डिप्लोमाच्या वहीतून घेऊन त्यांनी ३६,००० ला पाईपच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे ४,४१८ ने भागले, तेव्हा ८.१५ हे उत्तर आले. ठिबकचा आराखडा करणाऱ्याने वेग दीडच्या वर जाऊ देऊ नका असे बजावले होते. त्यामुळे आपला पाईप मर्यादेच्या पाचपट वेगाने वाहतो आहे की काय, आणि तो उकरून काढून मोठा टाकावा का, अशी त्यांना चिंता लागली आहे.

सर्वप्रथम हे सांगतो की आपला भागाकार अचूक आहे आणि सूत्रही बरोबर आहे. अडचण इतकीच की ८.१५ या आकड्यापुढे आपण एकक लिहिलेले नाही, आणि ठिबकवाल्याच्या दीडपुढे मीटर प्रति सेकंद हे एकक गृहीत आहे. आपण प्रवाह लिटर प्रति तास घेतला आणि क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढले. एक लिटर म्हणजे दहा लाख घन मिलिमीटर. त्याला चौरस मिलिमीटरने भागले की दहा लाख मिलिमीटर उरतात, आणि दहा लाख मिलिमीटर म्हणजे बरोबर एक किलोमीटर. म्हणून लिटर प्रति तासाला चौरस मिलिमीटरने भागल्यावर येणारे उत्तर आपोआप किलोमीटर प्रति तास या एककात येते. आपले ८.१५ हे ताशी ८.१५ किलोमीटर आहेत. त्याला ३.६ ने भागले की २.२६ मीटर प्रति सेकंद मिळतात. मर्यादेपेक्षा हा वेग जास्त आहे खरा, पण पाचपट नव्हे, दीडपट आहे. (ही तऱ्हा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण शेतातले बहुतेक प्रवाह लिटर प्रति तासात आणि बहुतेक व्यास मिलिमीटरमध्येच सांगितले जातात. भागाकार करा, ३.६ ने पुन्हा भागा, झाले.)

तरीही हिशेब नेहमी एकाच पद्धतीने करावा, म्हणजे आधी सगळे आकडे मीटर आणि सेकंदात आणावेत आणि मगच सूत्राला हात लावावा, असा माझा आग्रह असतो. ताशी ३६,००० लिटर म्हणजे ताशी ३६ घनमीटर, आणि तासाचे ३,६०० सेकंद असल्यामुळे ०.०१० घनमीटर प्रति सेकंद. ७५ मिलिमीटर म्हणजे ०.०७५ मीटर. क्षेत्रफळ = ०.७८५४ (म्हणजे π चा चौथा भाग) × ०.०७५ × ०.०७५ = ०.००४४१८ चौरस मीटर. वेग = ०.०१० ÷ ०.००४४१८ = २.२६ मीटर प्रति सेकंद. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे एकक लिहिले, तर घनमीटर प्रति सेकंद भागिले चौरस मीटर यातून मीटर प्रति सेकंद हेच उरते, हे डोळ्यांना दिसते. ते तसे उरले नाही, तर उत्तर कितीही पटण्याजोगे वाटले तरी कुठेतरी घोळ आहे. आणखी दोन चुका विद्यार्थ्यांच्या वह्यांत वारंवार दिसतात. पहिली, पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग या सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास घालणे, ज्यामुळे वेग चौथाईवर येतो. दुसरी, मिलिमीटरचे मीटर करताना व्यासाला हजाराने भागण्याऐवजी क्षेत्रफळाला हजाराने भागणे, जिथे खरे तर दहा लाखाने भागायला हवे.

आता खरा मुद्दा. एकक जुळले म्हणजे वेग कळला असे नाही, कारण सूत्रात घातलेला व्यास आणि प्रवाह हे दोन्ही आकडे आपल्या पाईपचे आहेत की कागदावरचे, हे अजून तपासलेले नाही.

व्यासापासून सुरुवात करू. पीव्हीसी आणि एचडीपीई पाईपवर छापलेला मिलिमीटरचा आकडा हा बाहेरचा व्यास असतो. पाणी मात्र आतून वाहते. लोखंडी जीआय पाईपचे उलट आहे. तिथे सांगितलेले माप आतल्या व्यासाच्या जवळपास असते. त्यामुळे ज्यांचा हात जीआयवर बसलेला आहे, असे जुने फिटरसुद्धा पीव्हीसीचा हिशेब करताना चुकतात. आपल्या पाईपचा एखादा उरलेला तुकडा गोठ्यात किंवा पंपघरात पडलेला असेलच. व्हर्नियर कॅलिपरने त्याच्या भिंतीची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. पाईप किती किलोचा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब सोसणारा की ६ किलो, यावर ही जाडी अवलंबून असते. समजा ती २.२ मिलिमीटर भरली, तर आतला व्यास ७५ वजा ४.४, म्हणजे ७०.६ मिलिमीटर. जाडी दोन्ही बाजूंची वजा करायची, हे सांगण्याची गरज नसावी, पण सांगून ठेवतो. क्षेत्रफळ आता ०.००३९१५ चौरस मीटर आणि त्याच प्रवाहाला वेग २.५५ मीटर प्रति सेकंद. व्यासात फरक सहा टक्क्यांचा, वेगात तेरा टक्क्यांचा. पुढे घर्षणाचा हिशेब केला तर तिथे हाच फरक चौतीस टक्क्यांवर जातो, कारण घर्षणाने वाया जाणारा दाब व्यासाच्या जवळपास पाचव्या घातावर अवलंबून असतो.

‘अडीच इंची’ या बोलीतल्या मापाने तर आणखीच गोंधळ होतो. बाजारात ६३ मिलिमीटरला दोन इंची, ७५ ला अडीच इंची, ९० ला तीन इंची आणि ११० ला चार इंची म्हणण्याचा प्रघात आहे. दुकानात ते चालते, पण अडीचला २५.४ ने गुणून ६३.५ मिलिमीटर हा व्यास सूत्रात घातला, तर वेग ३.१६ मीटर प्रति सेकंद येतो. म्हणजे एकाच पाईपला, एकाच प्रवाहाला, तीन माणसे २.२६, २.५५ आणि ३.१६ अशी तीन उत्तरे काढू शकतात, आणि तिघांचीही एकके शुद्ध असतील. यांतले मधले उत्तर खरे, कारण ते मोजलेल्या व्यासाचे आहे.

पण ‘खरे’ म्हणतानाही मी अडखळतो, कारण प्रवाहाचा आकडा अजून माहितीपत्रकातलाच आहे. तो किती विश्वासार्ह आहे हे पाहायला घर्षणाचा अंदाज घ्यावा लागतो. त्यासाठी पाणीपुरवठ्याच्या कामात हेझेन-विल्यम्सचे सूत्र वापरतात : दाबातील घट मीटरमध्ये = १०.६७ × लांबी × प्रवाहाचा १.८५२ वा घात ÷ (गुणांकाचा १.८५२ वा घात × व्यासाचा ४.८७ वा घात). गुणांक म्हणजे पाईप आतून किती गुळगुळीत आहे याचे माप; गुळगुळीत प्लास्टिक पाईपसाठी तो १४५ धरू. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वेगाच्या सूत्रात एकके कोणतीही घेतली तरी उत्तर कोणत्या ना कोणत्या एककात बरोबरच येते, जसे आपले ताशी किलोमीटरमध्ये आले. हेझेन-विल्यम्सचे तसे नाही. ते प्रयोगांवरून बसवलेले सूत्र आहे आणि त्यातला १०.६७ हा आकडा फक्त मीटर आणि घनमीटर प्रति सेकंद यांच्याशीच जुळतो. त्यात लिटर किंवा मिलिमीटर घातले तर येणारे उत्तर कोणत्याच एककातले नसते.

आपले आकडे त्यात घालून पाहा. ८०० मीटर लांबी, ०.०१० घनमीटर प्रति सेकंद, ०.०७०६ मीटर व्यास. घट येते सुमारे ६८ मीटर. त्यात चढणीचे १५ मीटर मिळवले की पंपाला ८३ मीटर उंचीइतका दाब द्यावा लागेल. दर सेकंदाला १० लिटर, म्हणजे १० किलो पाणी ८३ मीटर चढवायला १० × ९.८१ × ८३, म्हणजे ८,१०० वॉटहून अधिक शक्ती लागते. साडेसात एचपीची मोटर शाफ्टवर देते ७.५ × ७४६, म्हणजे सुमारे ५,६०० वॉट, आणि पंपाची स्वतःची कार्यक्षमता यातून अजून वजा व्हायची आहे. म्हणजे पंपाने मोटरची शक्ती शंभर टक्के वापरली असती तरी या पाईपमधून ताशी ३६,००० लिटर जाणे शक्य नाही. माहितीपत्रक खोटे आहे असा याचा अर्थ नाही. प्रत्येक पंपाचा प्रवाह त्याच्यापुढच्या दाबाप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि छापलेला मोठा आकडा हा कमी उंचीचा असतो. त्याच तक्त्यात खाली जास्त उंचीला कमी प्रवाह दिलेला असतो; तो कोणी वाचत नाही.

तेव्हा प्रवाह मोजावा. सगळ्यात भरवशाची पद्धत साधी आहे. पाईपचे बागेतले टोक मोकळे करा, २०० लिटरचा ड्रम घ्या, त्याची खरी क्षमता आधी मोजलेल्या बादलीने तपासा (रंगाचे किंवा तेलाचे जुने ड्रम काठोकाठ भरल्यावर दोनशेच्या वर जातात), पंप चालू झाल्यावर दोन-चार मिनिटे प्रवाह स्थिरावू द्या आणि मोबाईलवरच्या स्टॉपवॉचने भरण्याचा वेळ घ्या. एकाच मोजणीवर विसंबू नका. समजा ड्रम ३३ सेकंदांत भरला, तर प्रवाह ६.०६ लिटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे २१,८०० लिटर. वेग = ०.००६०६ ÷ ०.००३९१५ = १.५५ मीटर प्रति सेकंद. हा प्रवाह पंपाच्या शक्तीशीही जुळतो. घर्षणात सुमारे २७ मीटर जातात, चढणीसह ४२ मीटर होतात, आणि त्याला लागणारे सुमारे २,५०० वॉट हे ५,६०० च्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास आहेत. शेतातल्या मोनोब्लॉक पंपाकडून अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. ८.१५ वरून सुरू झालेला आकडा आता जवळजवळ मर्यादेवर येऊन ठेपला आहे, आणि अजून जमिनीत कुदळही मारलेली नाही.

मात्र टोक मोकळे ठेवून मोजलेला प्रवाह आणि ठिबक चालू असतानाचा प्रवाह एक नसतो. ठिबकच्या वेळी पाण्याला फिल्टर, व्हॉल्व्ह आणि लॅटरलमधून, म्हणजे झाडांच्या ओळींतल्या बारीक नळ्यांमधून, ढकलायला बागेच्या तोंडाशी एक ते दीड किलो दाब, म्हणजे १० ते १५ मीटर, शिल्लक लागतो आणि तेवढा प्रवाह आणखी घटतो. त्या वेळचा आकडा ड्रिपरवरून मिळतो. समजा एका व्हॉल्व्हवर १,००० झाडे आहेत, दर झाडाला चार ड्रिपर आहेत आणि प्रत्येक ड्रिपर ताशी ४ लिटरचा आहे. गुणाकार ताशी १६,००० लिटर, म्हणजे ४.४४ लिटर प्रति सेकंद, म्हणजे मुख्य पाईपमध्ये वेग १.१४ मीटर प्रति सेकंद. घर्षणात १५ मीटर, चढण १५ मीटर, ठिबकला १५ मीटर, एकूण ४५. हे सगळे आपल्या पंपाच्या आवाक्यात बसते. याच ठिकाणी दोन व्हॉल्व्ह एकदम उघडले तर कागदावर वेग दुप्पट होऊन २.२७ होतो, पण घर्षण दुप्पट होत नाही, सुमारे साडेतीनपट होते, ५४ मीटरच्या पुढे जाते, आणि पंप तिथे पोहोचतच नाही. परिणाम असा की दोन्ही भागांत दाब पडतो, जवळची झाडे पाणी पितात आणि टोकाकडची तहानलेली राहतात. आपल्याकडे अनेक बागांत शेवटच्या ओळींची फळे बारीक राहण्याची तक्रार असते. तिथे खत-औषध बदलण्याआधी किती व्हॉल्व्ह एकदम उघडले जातात हे विचारावे, असे मला वाटते.

काळाचा हिशेबही याच प्रकारात मोडतो. बागेला रोज किती पाणी लागते हा आकडा दिवसाचा असतो, आणि त्याला चोवीस तासांनी भागून प्रवाह काढण्याचा मोह होतो. पण शेतीपंपाला वीज आठ तास मिळत असेल तर पाणी त्या आठ तासांतच जायचे आहे. दिवसाला १,४४,००० लिटर चोवीस तासांवर पसरले तर १.६७ लिटर प्रति सेकंद होतात. आठ तासांवर ५ लिटर. वेग तिप्पट, आणि घर्षण जवळपास साडेसात पट. झाडाला दिवसाला किती लिटर द्यावे हा प्रश्न मात्र माझ्या प्रांतातला नाही. त्यासाठी सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या शिफारशी वाढीच्या अवस्थेप्रमाणे पाहाव्यात.

प्रवाहाची एकके आपल्या जिल्ह्यात माणसागणिक बदलतात, म्हणून थोडे रूपांतर देतो. पावसाळ्यात उजनीतून सोडलेल्या पाण्याच्या बातम्या क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे २८.३२ लिटर प्रति सेकंद. शहराचा पाणीपुरवठा एमएलडीत, म्हणजे दशलक्ष लिटर प्रतिदिन या मापात, सांगतात. एक एमएलडी म्हणजे ११.५७ लिटर प्रति सेकंद, अर्थात चोवीस तास सलग उपसा धरून. पंपाची काही माहितीपत्रके लिटर प्रति मिनिट देतात, काही घनमीटर प्रति तास. एक लिटर प्रति सेकंद म्हणजे ६० लिटर प्रति मिनिट आणि ३.६ घनमीटर प्रति तास. जुन्या कागदांत गॅलन सापडले तर ते बहुधा ब्रिटिश, म्हणजे ४.५४६ लिटरचे समजावेत. परदेशी यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत अमेरिकी, ३.७८५ लिटरचे, असू शकतात. उदाहरणादाखल, एक मीटर आतल्या व्यासाच्या वाहिनीतून १०० एमएलडी पाणी जात असेल, तर १.१५७ भागिले ०.७८५४, म्हणजे १.४७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५.३ किलोमीटर. या वेगाने पाण्याला शंभर किलोमीटर कापायला एकोणीस तास लागतील. पंढरीच्या वाटेवर झपझप चालणाऱ्या वारकऱ्याच्या चालीपेक्षा हे फार वेगळे नाही, आणि उत्तर तपासण्याची हीच सोपी कसोटी आहे. पाणी वाहून नेणाऱ्या नीट आखलेल्या पाईपमध्ये वेग माणसाच्या चालीच्या आसपास असतो. हिशेबातून धावत्या मोटारीचा किंवा गोगलगायीचा वेग निघाला, तर आधी एकके तपासावीत.

दीड मीटर प्रति सेकंद ही मर्यादा कुठून येते, हेही आपल्याला कळायला हवे, नाहीतर ती देवाज्ञेसारखी पाळली जाते. तिची कारणे दोन. एक घर्षण, जे वर पाहिले. वेग वाढला की विजेचे बिल पाईपच्या भिंतींवर घासून खर्च होते. दुसरे पाण्याचा धक्का. ८०० मीटर पाईपमधले पाणी हे तीन टनांहून जास्त वजनाचे, सरकत असलेले वस्तुमान आहे. ते एकदम थांबवले की दाबाची लाट उठते. तिची उंची मीटरमध्ये = लाटेचा वेग × पाण्याचा वेग ÷ ९.८१. आपल्या जाडीच्या पीव्हीसीत ही लाट साधारण ३०० मीटर प्रति सेकंद वेगाने धावते, लोखंडी पाईपमध्ये हजाराच्या वर. म्हणून १.५५ मीटर प्रति सेकंदाला आपल्याकडे वाढ सुमारे ४७ मीटर, म्हणजे पावणेपाच किलो येते, आणि ती आधीच असलेल्या दाबावर चढते. वेग २.५५ असता तर हीच वाढ ७८ मीटर झाली असती. ८०० मीटर जाऊन परत यायला लाटेला सव्वापाच सेकंद लागतात. त्याहून कमी वेळात व्हॉल्व्ह बंद केला तर पूर्ण धक्का बसतो. बॉल व्हॉल्व्हचा दांडा एका झटक्यात फिरवणारा गडी पाईप फोडू शकतो, तो याच हिशेबाने. वीज अचानक गेल्यावर पंपाकडे आधी दाब पडतो आणि मग परतलेले पाणी एनआरव्हीवर, म्हणजे पाणी उलट येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर, आदळते, तेव्हा लाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह आणि पंपाजवळ न आपटणारा एनआरव्ही असावा. सोलापूरच्या हवेची यात भर आहेच. पीव्हीसीची किलोतली दाबक्षमता २७ अंश सेल्सिअसला धरलेली असते, आणि बांधावर उघडा पडलेला पाईप मे महिन्यात त्याच्या कितीतरी वर तापतो, तेव्हा ६ किलोचा पाईप ६ किलोचा राहत नाही. गाडलेल्या पाईपला ही भीती कमी.

पंपाच्या ओढीकडच्या, म्हणजे सक्शनच्या पाईपला हीच मर्यादा अधिक काटेकोरपणे लावावी. तिथे दाब आधीच वातावरणापेक्षा कमी असतो आणि वेगाने तो आणखी घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात. सक्शन डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठे ठेवण्याची जुनी रीत योग्यच आहे.

हे सगळे पाण्याचे झाले. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतील मंडळीही हेच सूत्र वाफेच्या लाइनला लावतात, म्हणून थोडे विषयांतर करतो. वाफेचा प्रवाह किलो प्रति तासात असतो, लिटरमध्ये नव्हे, आणि एका किलोचे आकारमान दाबावर अवलंबून असते. गेजवर ७ किलो दाब दिसत असेल तर संपृक्त वाफेच्या एका किलोला सुमारे ०.२४ घनमीटर जागा लागते. तासाला एक टन वाफ, म्हणजे ०.०६७ घनमीटर प्रति सेकंद. ८० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाईपमध्ये वेग १३ मीटर प्रति सेकंदाच्या वर. घाबरू नये, वाफेच्या लाइनला पंचवीस-तीस मीटर प्रति सेकंदापर्यंत चालते. मात्र गेजचा दाब आणि निरपेक्ष दाब यांत एका वातावरणाचा फरक असतो; तक्त्यात ७ किलो निरपेक्ष पाहिला तर आकारमान ०.२८ मिळते आणि वेग उगाच पंधरा-सतरा टक्के जास्त निघतो. साखर कारखान्यातल्या मळीला वेगाचे सूत्र तेच, पण ती इतकी घट्ट असते की तिच्या बाबतीत वर सांगितलेल्या मर्यादा आणि हेझेन-विल्यम्स दोन्ही बाजूला ठेवावे लागतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाचा निर्णय. एका वेळी एकच व्हॉल्व्ह चालवून आठ तासांत सगळ्या बागेची पाळी पूर्ण होत असेल, तर ७५ मिलिमीटरचा पाईप आहे तसा राहू द्यावा. १.१४ मीटर प्रति सेकंद वेगाला तो बदलण्याचे कारण नाही. आठ तासांत पाळी होत नसेल आणि ताशी ३६,००० लिटरच्या जवळ जाणे खरोखर गरजेचे असेल, तर पर्याय असे. ९० मिलिमीटरचा पाईप (आतला व्यास ८४.६ धरून) टाकल्यास वेग १.७८ आणि घर्षण २८ मीटर. माझ्या मते या खर्चात अर्धेच काम होते. ११० मिलिमीटरला (आतला १०३.६ धरून) वेग १.१९ आणि घर्षण साडेदहा मीटर. काम उत्तम, खर्च मोठा. तिसरा पर्याय लोक विसरतात. जुना पाईप तसाच ठेवून शेजारी दुसरा ७५ मिलिमीटरचा टाकायचा आणि दोन्ही टोकांना जोडायचे. प्रत्येकात ५ लिटर प्रति सेकंद, वेग १.२८, घर्षण सुमारे १९ मीटर. यात जुना पाईप वाया जात नाही, आणि एखाद्या ठिकाणी फुटला तरी व्हॉल्व्ह असल्यास दुसऱ्यावर काम निभावते. आपल्या जागी मी हाच पर्याय आधी भावात बसतो का ते पाहीन. ठिबकला लागणारे १५ मीटर यातही धरावे लागतील. ते धरले की गरज १९, १५ आणि १५ अशी ४९ मीटरवर जाते, आणि १० लिटर प्रति सेकंदाला त्यासाठी ४,८०० वॉट लागतात, जे साडेसात एचपीच्या शेतीपंपाकडून निघणे अवघड आहे. म्हणजे पूर्ण ३६,००० चा हट्ट सोडून ताशी ३० हजारांच्या आत समाधान मानावे लागेल.

पाईप वाढवलात तर आणखी एक काम त्याच दिवशी करा. समोरचा अडथळा कमी झाला की सेंट्रिफ्यूगल पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटर जास्त करंट ओढते. पॅनेलवरचा अँपिअर मीटर मोटरच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या वर जात असेल, तर डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह काटा खाली येईपर्यंत थोडा थोडा बंद करावा, त्या स्थितीत ड्रम पुन्हा भरून वेळ घ्यावा, आणि जो प्रवाह निघेल तोच पुढच्या हिशेबात धरावा.